बिनमाळेचा हत्ती

"गुरुजी, मी भीमाला उचललं. तारा द्या."

टेबलासमोर चौथीतला बाबासो उभा होता. पहिलीतल्या भीमाला त्याने बकोटीला धरून आणलं होतं आणि भीमा गुडघ्यापासून कपाळापर्यंत चिखलाने माखला होता.

"कुठं पडला हा?" मी विचारलं.

"हापशापाशी. मी पळत जाऊन उचलला, गुरुजी. माझ्या टोपीनं त्वांड बी पुसलं."

"शाबास. पण पडला कसा?"

बाबासो छताकडे बघायला लागला. भीमाने काही सांगायला तोंड उघडलं, तशी त्याच्या बकोटीवरची पकड घट्ट झाली. पण बाबासोला खोटं फार वेळ पोटात ठेवता येत नसे.

"ढकलला मीच," तो म्हणाला. "पर उचलला बी मीच की."

आणि ताऱ्यासाठी त्याने हात पुढे केला.

हे ताऱ्यांचं खूळ माझंच. आता मला निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, पण तेव्हा नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. आमचं गाव मालवणजवळ. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला मी, आणि नेमणूक मिळाली ती सांगलीकडच्या दुष्काळी भागातल्या बोरजाईवाडीला. एक खोली, चार इयत्ता आणि शिकवायला एकटा मी. त्यात तालुक्याला शिक्षकांचं शिबिर झालं. तिथे एका साहेबांनी सांगितलं की, मुलांनी एकमेकांशी गोडीने वागावं असं वाटत असेल तर चांगल्या वागण्याचं तिथल्या तिथे कौतुक करा आणि ते चारचौघांना दिसू द्या. मी अगदी भारावून गेलो. येताना बाजारातून चमकीचा कागद आणला, बसून त्याचे तारे कातरले आणि भिंतीवर पुठ्ठ्याचा फळा टांगला. वर ठळक अक्षरांत 'चांगुलपणाचा फळा', खाली पोरांची नावं. जो दुसऱ्याला मदत करेल त्याच्या नावापुढे तारा.

आठवड्याभरात वाडीत चांगुलपणाचा नुसता सुळसुळाट झाला. एकमेकांना पेन्सिली देण्याची अशी चढाओढ लागली की स्वतःची पेन्सिल कुणाकडेच उरली नाही. हापशावरून पाणी नेणाऱ्या एका म्हातारीला मदत करायला दोघीजणी धावल्या, घागर कुणी धरायची यावरून त्यांची झोंबाझोंबी झाली आणि घागर फुटली. म्हातारी शाळेत आली. मला म्हणाली, "मास्तर, तुमची पोरं लई गुणाची हायती. पर त्यांस्नी माझ्यापास्नं जरा लांब ठेवा."

सगळ्यात वाईट म्हणजे पोरं काहीही चांगलं करण्याआधी मान वळवून मी बघतोय का ते बघायची. मी पाठमोरा असलो तर पडलेला तसाच पडून राहायचा.

फळ्यावर सर्वांत जास्त तारे वैजयंताचे. चौथीतली पोर, दोन घट्ट वेण्या, तोंडाने फटकळ. तिला ताऱ्यांचं फारसं काही नव्हतं, पण पहिला नंबर दुसऱ्या कुणाचा असलेला तिला खपत नसे. पाढे असोत, लंगडी असो, की चांगुलपणा असो.

अशात हस्ताचा पाऊस आला आणि हादगा सुरू झाला.

आमच्या मालवणकडे हादगा नाही. एके दिवशी सकाळी शाळेत आलो तर समोरासमोर सोंडा उंचावलेल्या दोन हत्तींचं चित्र भिंतीवर लावलेलं, खाली पाट मांडलेला. वैजयंताने मला कीव आल्यासारखं विचारलं, "तुमच्यात हादगा न्हाई, गुरुजी? मग खिरापत तरी?"

मग तिनेच मला सगळं समजावून दिलं. हत्तीपुढे फेर धरून गाणी म्हणायची. ती झाली की खिरापत, म्हणजे खाऊ. खिरापत रोज एका घरची. ती बंद डब्यात आणायची आणि बाकीच्यांनी डबा हलवून, कानाला लावून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर सगळ्यांनी मिळून खायचं आणि ओळखलं नाही तरी सगळ्यांनी मिळूनच खायचं. फरक एवढाच, की जिची खिरापत कुणालाच ओळखता येणार नाही, तिने हत्तीला झेंडूची माळ घालायची. तो मोठा मान. मुळात हा खेळ मुलींचा, पण खिरापतीवर डोळा ठेवून आमच्या शाळेतले मुलगेही फेरात घुसले होते.

त्या वर्षी मात्र हत्ती बिनमाळेचाच राहिला होता, आणि याला कारण वैजयंताचा कान. शेव डब्याला घासते, डाळ टणटणते, लाडू घरंगळतो, शिरा हलतच नाही, हे सगळं तिला पाठ. डबा एकदा कानाला लावला की ती सांगून मोकळी व्हायची. सख्ख्या चुलतबहिणीची खिरापत तिने डबा हातात घेण्याआधीच ओळखली, त्या पोरीने तीन घास रडत खाल्ले. वैजयंताच्या घरची खिरापत आली त्या दिवशी बाकीच्यांनी तिच्यावर सूड उगवला, बाबासोने वासावरून करंज्या ओळखल्या. माळ रोज ओवली जायची, रोज पाटावर सुकायची.

शेवटच्या दिवसाची खिरापत होती शालनच्या घरची.

शालन तिसरीत होती. हात वर न करता उत्तर मनातल्या मनात देणारी. तिचे वडील हणमंत गवंडी, त्यांना सारी वाडी मिस्त्री म्हणायची. तिची आई श्रावणापासून मिरजेला दवाखान्यात होती. जिवावरचं दुखणं टळलं होतं, पण डॉक्टर अजून सोडत नव्हते. घरी बापलेक दोघंच. मिस्त्री सकाळी भाकरी थापायचे, त्या शालन शाळेत आणायची. भाकरी जाड असायच्या पण गोल अगदी परकाराने काढल्यासारख्या.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कुलूप लावत होतो, तेवढ्यात मिस्त्री आले. कोपरापर्यंत सिमेंट, हातात घमेलं. दारातून आत डोकावून बघत हळूच म्हणाले, "गुरुजी, आत कुनी न्हाई न्हवं?"

"कुणी नाही. या की."

"येक इचारायचं हुतं. तुमच्यात रव्याची वडी कशी करत्यात?"

"मला भातापलीकडे काही येत नाही, मिस्त्री. का हो?"

ते पायरीवर टेकले. "उद्या शालनीची खिरापत. बाया म्हनत्यात, आम्ही करून देतो. पर हिनं मिरजंहून निरोप धाडलाय, खिरापत आपल्याच चुलीवरची पायजे. गेल्या साली हिची खिरापत कुनालाच वळखाय आली न्हवती, शालनीनं माळ घातली. औंदाबी शालनीनंच घालाय पायजे म्हनती. खाटंवर पडल्या पडल्या दुसरं काय इचारत न्हाई बघा. आन् पोरगी रोज सांजच्याला इचारती, आप्पा, वळखायची न्हाई न्हवं कुनाला?"

"मग वडीच का?"

"आजून कुनी आनली न्हाई म्हनं. फकस्त पाकाचं काय समजंना. पाटलीनबाई म्हनल्या येकतारी, शेवंताकाकी म्हनल्या दोनतारी, सरूवैनी म्हनल्या तारबीर काय बघू नगा, बोट घालून बघा. म्या म्हनलं, आपला नेमीचा सिमिट-वाळूचा येकास तीन माल कालवावा तसं. येक साखर, तीन रवा."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. मग एकदम काहीतरी लक्षात आलं. "मिस्त्री, म्हणजे तुम्ही तिघींना विचारलंत?"

"तिघीस्नी?" त्यांना नवल वाटलं. "साऱ्या वाडीला इचारलं. येक घर सोडलं न्हाई. पर परत्येकीला शालनीची शपथ घातलीया, कुनाला बोलायचं न्हाई म्हून. तुमी बी बोलू नगा."

इतक्या विश्वासाने ते हे बोलले की मी नुसती मान हलवली. ते घमेलं उचलून गेले आणि मी कुलूप हातात धरून तिथेच उभा राहिलो. वाडीतल्या प्रत्येक घरात आता एक शपथ होती आणि प्रत्येक घरातून एक तरी पोर माझ्या शाळेत येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचलो तेव्हा पोरं कडुनिंबाखाली घोळका करून कुजबुजत होती. शालन रस्त्यावर दिसली आणि कुजबूज चाकूने कापल्यासारखी थांबली. तिने आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला पितळी डबा छातीशी धरला होता. ती जवळून गेली तसा करपलेल्या साखरेचा वास आला. मला कळला म्हणजे सगळ्यांना कळलाच असणार. वैजयंताला तर रस्त्याच्या वळणावरूनच कळला असेल.

बाकीची पोरं कदाचित गप्प बसतील, पण वैजयंता? ओळखल्याशिवाय तिला घास जात नसे. शेवटी पाणी प्यायच्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं.

"वैजयंता, आजची खिरापत तुला ठाऊक आहे ना?"

"साऱ्या वाडीला ठावं हाय, गुरुजी. मिस्त्रीकाका आमच्यात दोनदा आलं हुतं. येकदा करायच्या आदी, येकदा करपल्यावर."

"मग असं कर," मी आवाज खाली आणला. "आज एक दिवस ओळखू नकोस. मी तुला दोन तारे देईन."

तिने माझ्याकडे असं बघितलं की माझे कान तापले.

"हादग्यात लबाडी करायची न्हाई, गुरुजी," ती म्हणाली. "हत्तीला कळतं." आणि दोन्ही वेण्या मागे टाकून निघून गेली.

आता झालं, मी मनात म्हटलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला शालन डबा मांडीत घेऊन बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. ती पाढे म्हणत नव्हती एवढं नक्की.

दुपारी फेर धरला. गाणी झाली. त्या दिवशी ती फार लवकर संपली, असं मला वाटलं. खिडकीबाहेर मिस्त्री होते. म्हणजे असं, की खिडकीशेजारच्या गिलाव्याला एक चीर गेली होती आणि तिच्याकडे इतकी वर्षं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, ती त्यांना नेमकी त्या वेळी तपासायची होती. हातात थापी, नजर चिरेवर आणि कान आत.

शालनने डबा पाटावर ठेवला. "वळखा," ती म्हणाली. तिचा आवाज जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत पोचला.

रीतीप्रमाणे पहिला मान वैजयंताचा. ती पुढे आली, मांडी घालून बसली. डबा उचलून हलवला. आतून विटा एकमेकींवर आपटाव्यात तसा ठण्ण ठण्ण आवाज आला. तिने डबा डाव्या कानाला लावला, मग उजव्या कानाला. झाकणाशी नाक नेऊन वास घेतला. डोळे मिटले. बाबासोने भीमाचा हात दाबून धरला होता. खिडकीबाहेर थापीचा आवाज थांबला.

वैजयंताने डोळे उघडले.

"हलकं हाय," ती म्हणाली. "चिरमुरं."

क्षणभर कुणालाच काही उमगेना. शालनने मान वर केली. मग हळूच, अगदी हळूच, तिने डोकं हलवलं. "न्हाई."

"न्हाई?" वैजयंताने कपाळाला आठ्या घातल्या. "असं कसं?" तिने डबा पुन्हा हलवला. ठण्ण. "मला तर चिरमुरंच वाटत्यात."

आणि मग बांध फुटला. डबा हातोहात फिरायला लागला. दुसरीतली एक म्हणाली काकडी. तिच्या शेजारणीने सांगितलं, ताक. कुणी म्हणालं पुरणपोळी, कुणी म्हणालं उकडलेल्या शेंगा. एकाने फार विचार करून "बासुंदी" असं सांगितलं आणि डबा उलटा करून हलवून दाखवला. प्रत्येक वेळी शालनचं "न्हाई" जरा मोठं होत गेलं. चौथ्या-पाचव्या वेळी ती हसायलाच लागली. आधी दाबून, मग तोंडावर हात ठेवून, मग तोही ठेवायचा विसरून.

भीमाची पाळी आली. भीमा लहान, त्याला यातलं काही कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्याने डबा हलवला आणि आनंदाने ओरडला, "व..."

बाबासोचा पंजा त्याच्या तोंडावर बसला. "वांगी म्हनतोय," बाबासो घाईघाईने म्हणाला. "वांगी. न्हाई रं भीमा, खिरापतीला वांगी कोन आनतंय." भीमाने पंज्याआडून बराच निषेध केला, पण तो कुणी मनावर घेतला नाही.

"गुरुजी ऱ्हायलं," कुणीतरी म्हणालं.

डबा माझ्या हातात आला. साऱ्या पोरांच्या नजरा माझ्यावर. मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही, पण आयत्या वेळी सुचत नाही. मी डबा हलवला. तो मुठीत जड लागत होता. "नारळ?" मी म्हणालो.

"आख्खा?" शालनने विचारलं.

"अख्खा. सोललेला."

खोली हसण्याने दणाणून गेली. "कोकनातलं मानूस," बाबासो म्हणाला, "त्यास्नी दुसरं काय दिसनार."

"हरलासा?" शालन उभी राहिली. आता तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असता.

"हरलो," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

बाहेर थापी दगडावर पडल्याचा खणखणीत आवाज झाला.

शालनने झाकण उघडलं. मी जन्मात इतक्या सरळ वड्या बघितल्या नाहीत. दोरी ताणून आणि गुण्या लावून कापलेल्या, चारही कोपरे काटकोनात, एकीवर एक रचलेल्या, मधल्या सांध्यांसकट. बाबासोने पहिली वडी दातांत धरली आणि तशीच बाहेर काढून बघितली. वडीला काही झालं नव्हतं. मग त्यानेच घंटा बडवायचा लोखंडी टोल काढून आणला. वड्या फडक्यात बांधल्या, उंबऱ्यावर ठेवल्या, दोघांनी फडक्याची टोकं धरली आणि एकेकाने पाळीपाळीने टोल हाणला. चुरा झाला. तो मूठमूठ सगळ्यांना मिळाला. साखर करपलेली होती, रवा थोडा कच्चा होता आणि मला तो अतिशय आवडला. बाबासोने आपल्या मुठीतला निम्मा भीमाच्या हातावर ओतला, बहुधा तोंड दाबल्याची भरपाई म्हणून.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्याने तो ओतताना माझ्याकडे बघितलं नव्हतं. कुणीच बघत नव्हतं. सकाळपासून एकाही पोराने मान वळवून मी बघतोय का ते पाहिलं नव्हतं.

माळ काढली तर ती काढता संपेना. त्या दिवशी प्रत्येक घरातून फुलं आली होती आणि ती सगळी एकाच दोऱ्यात ओवली होती. दोन पोरींनी ती जमिनीला लागू नये म्हणून मधोमध धरली. शालनचा हात हत्तीपर्यंत पोचेना, तसा बाबासो न सांगता गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवा झाला. शालन त्याच्या पाठीवर चढली. वैजयंताने तिला कमरेला धरलं. दोन्ही हत्तींना मिळून एक माळ पडली आणि तरी दोरा उरला.

खिडकीत मिस्त्री उघडउघड उभे होते. गिलाव्याची चीर ते पार विसरले होते. डोळे पुसताना त्यांच्या गालावर सिमेंटचा पट्टा उमटला.

शाळा सुटल्यावर मी चमकीचे उरलेले सगळे तारे काढले. आज एकालाही वगळायचं नाही असं मी ठरवलं होतं. खळ लावून पहिला तारा फळ्यावर टेकवणार, तोच मागून आवाज आला.

"काय करतायसा, गुरुजी?"

वैजयंता दारात उभी होती. दप्तर घ्यायला परत आली असावी.

"तारे लावतोय. सगळ्यांना. तुला पाच."

ती आत आली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. मग एखाद्या ढ पोराला समजवावं तसं म्हणाली, "आन् शालनीनं इचारलं, हे कशाचं, तर?"

माझा हात तिथेच राहिला.

"तारं लावलं तर तिला कळंल की," ती म्हणाली. "मग समदंच वाया."

शिबिरातल्या साहेबांनी हे सांगितलं नव्हतं. दिसला की मोडतो, असाही एक चांगुलपणा असतो, आणि तो मला एका चौथीतल्या पोरीने फळ्यासमोर उभं करून शिकवला. मी तारा खाली घेतला.

"आणि हत्तीला कळतं, त्याचं काय?" मी विचारलं.

"त्याला म्या सकाळीच सांगून ठिवलं हुतं. सगळ्यांच्या आदी येऊन." दप्तर खांद्याला लावत ती म्हणाली, "आदी सांगितलं तर ती लबाडी नसती."

ती गेली. मी तारे पुन्हा कागदात गुंडाळत होतो, तेवढ्यात कोपऱ्यात पाट सरकल्याचा आवाज झाला. शालन पाट उचलायला आली होती. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे.

"शालन, तू काही ऐकलंस?"

तिने पाट भिंतीला नीट टेकवला. डबा उचलला. त्याच्या तळाशी एक अखंड वडी तिने बाजूला ठेवली होती, आईसाठी. मग ती माझ्याजवळ आली.

"गुरुजी, त्यास्नी सांगू नगा हं."

"कुणाला? काय?"

"मला कळलंय ते." तिचा चेहरा अजून हसराच होता. "वैजीला चिरमुरं वळखत न्हाईत व्हय? झोपंत बी वळखंल ती. चिरमुरं म्हनली तवाच मला कळलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"आप्पा खिडकीत हुतं की," शालन म्हणाली. डब्याचं झाकण लावत तिने पुढे सांगितलं, "आन् समद्यांनी मिळून एवढं केल्यालं. त्यास्नी वाटू दे मला ठावं न्हाई."

ती डबा हलवत घरी गेली. एकच वडी होती, ठण्ण ठण्ण वाजत राहिली. माझ्या हातात मूठभर तारे होते आणि ते लावायला जागा नव्हती. शेवटी मी ते सगळे हत्तींच्या पाठीवरच्या झुलीवर चिकटवले. नंतर कुणी विचारलं तर सांगायचं, हत्ती छान दिसतो. कुणी विचारलं नाही. चांगुलपणाचा फळा मी दिवाळीच्या सुट्टीआधी उतरवला आणि त्याच्या मागच्या बाजूला बाराखडी लिहिली.

सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी मिस्त्री आले. बरोबर शालनची आई. अंगाने वाळलेली, पण डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि चालणं आपल्या पायांनी. शालन तिचा पदर सोडत नव्हती. आईच्या हातात तोच पितळी डबा होता.

"पोरांचं तोंड गोड करायचं हुतं, गुरुजी," ती म्हणाली. "पर आदी वळखाय पायजे. आज तुमची पाळी."

तिच्या मागे मिस्त्री हाताची घडी घालून उभे होते. हात स्वच्छ धुतलेले, पण नखांत रवा होता. हसू ओठांच्या बाहेर पडू नये म्हणून ते छताचे वासे मोजत होते. डबा कुणी भरला, हे मला सांगायची गरज उरली नाही.

मी डबा हातात घेतला आणि हलवला.

ठण्ण.

बाबासोने सवयीने भीमाच्या तोंडाकडे हात नेला. वैजयंता, परीक्षेत मी पोरांकडे बघायचो तशी, माझ्याकडे बघत होती. शालनच्या आईने मान खाली घातली होती आणि पदराआड तिचे खांदे हलत होते. तिलाही कुणीतरी कळवलं होतं तर. आणि तिनेही ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

मी डबा डाव्या कानाला लावला. मग उजव्या. डोळे मिटले. घाई केली नाही.

"हलकं आहे," मी म्हणालो. "चिरमुरे."

मिस्त्रींनी बायकोकडे वळून बघितलं. त्यांची छाती सदऱ्यात मावत नव्हती.

"म्हनलं न्हवतं तुला?" ते म्हणाले. "आपली खिरापत कुनाच्या बापाला वळखत न्हाई."